दोन्ही याद्यांवरची सही

तेरदाळे बाईंनी आपली सायकल माझ्या गाडीला टेकवून उभी केली, तेव्हा मी व्हरांड्यात दाढी करत होतो आणि अर्धं तोंड साबणाने भरलेलं असल्यामुळे मला ओरडता आलं नाही. गाडी सात महिन्यांची होती. दर रविवारप्रमाणे ती पुसून, वर खाकी कव्हर चढवून मी नुकताच आत आलो होतो, आणि बाईंनी सायकलचं हँडल नेमकं आरशाजवळ टेकवलं. भिंतीला टेकवायची काय अडचण होती, असं माझ्या मनात आलं. भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये माझीच गाडी होती, हे काही मनात आलं नाही.

“मगदूम, तोंड धुऊन ये. काम आहे,” म्हणत बाई सरळ आत जाऊन बसल्या.

मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो, बँकेत शाखाधिकारी होतो आणि बँक कॉलनी रहिवासी संघाचा सचिव होतो. पण बाईंच्या लेखी मी नववी ‘ब’मधला मगदूम होतो. आठवी ते दहावी त्यांनी मला गणित शिकवलं. पुढे कॉलनीत घर बांधलं तेव्हा कळलं की चार घरं सोडून पलीकडे बाई राहतात, आणि तेव्हापासून मी त्यांच्या दारावरून जाताना आपोआप सरळ चालू लागलो. बाईंचा एक नियम होता. उत्तर चुकलं तरी पायऱ्या बरोबर असतील तर त्या गुण द्यायच्या. पण पायऱ्या न लिहिता नुसतं उत्तर लिहिलं, तर ते बरोबर असलं तरी शून्य. “उत्तर कुणाचंही बघून लिहिता येतं, पायऱ्या स्वतःच्या लागतात,” असं त्या म्हणायच्या. मला त्यांनी पुष्कळ शून्यं दिली आहेत.

तोंड पुसत मी आत गेलो. टीपॉयवर, बाईंच्या अगदी समोर, संघाच्या हरकतीचे कागद पडले होते. मी घाईघाईने त्यावर रविवारचा पेपर टाकला.

हरकत सायकल ट्रॅकला होती. महिन्यापूर्वी महापालिकेचं जाहीर प्रकटन आलं होतं. वखारीपासून कन्याशाळेच्या फाटकापर्यंतचा आमचा रस्ता नव्याने करायचा, एका बाजूला सहा फुटांचा सायकलचा पट्टा राखायचा आणि त्या बाजूला गाड्या लावायला मनाई. कुणाच्या हरकती-सूचना असतील तर तीस दिवसांत लेखी द्याव्यात. ती एक बाजू म्हणजे माझी बाजू होती. कॉलनी चौऱ्याऐंशी साली बांधली, तेव्हा गाडी घ्यायची ऐपत कुणाची नव्हती, त्यामुळे कुणीच कंपाउंडात गाडीला जागा सोडली नाही. आता दर घरापुढे एक चारचाकी उभी होती. माझी आठवड्यातून एकदा निघायची, तीही बॅटरी उतरू नये म्हणून.

बाईंनी पिशवीतून कागद काढले. सायकल ट्रॅक व्हावा, असं त्यात लिहिलं होतं आणि खाली सह्यांचे रकाने होते. बऱ्याच सह्या झालेल्या दिसत होत्या.

“माझं तुला सगळं माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “दिवाळीत टेम्पोचा धक्का लागला, गुडघ्याला टाके पडले. हर्षदने तेव्हाच सांगितलंय. आणखी एकदा पडलीस की घर बंद आणि हैदराबादला चल. तो नवव्या मजल्यावर राहतो. मी तिथे काय करू?”

हर्षद त्यांचा एकुलता एक मुलगा. यजमान जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. सहासष्टाव्या वर्षी बाई सकाळी सायकलवरून भाजी आणायच्या, दुपारी वाचनालयात जायच्या आणि संध्याकाळी वखारीपलीकडच्या मुलींच्या वसतिगृहात फुकट गणित शिकवायच्या. रिक्षा संध्याकाळी तिकडे जायला तयार नसत आणि चालायला गुडघा तयार नव्हता. सायकल गेली की बाईंचं सगळंच गेलं असतं.

“तो पट्टा झाला तर मी इथे राहते,” बाई म्हणाल्या. “नाही झाला तर नाही. हिशेब सोपा आहे. कर सही.”

आता आमच्या कॉलनीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला चहाशिवाय आणि त्याच्या कागदाला सहीशिवाय परत पाठवत नाहीत. नाही म्हणायचं कसं, रोज तोंड बघायचं असतं. भटकी कुत्री पकडून न्यावीत म्हणून आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, आणि त्याच महिन्यात कुत्र्यांना खायला घालायला कट्टा बांधून द्यावा म्हणूनही केल्या होत्या. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सही ही कागदाला नसतेच, ती घेऊन आलेल्या माणसाला असते, असा आमचा समज आहे.

मी सही केली. बाईंनी ती चष्म्याजवळ धरून वाचली, चहा घेतला आणि गेल्या.

शैला, माझी बायको, कपबशा उचलायला आली. तिने पेपर बाजूला सारून खालची हरकत वर काढली. पहिलीच सही माझी होती, सचिव म्हणून.

“मग आता तुम्ही नेमके कुणीकडचे?” तिने विचारलं.

मी म्हणालो, बाईंना नाही कसं म्हणणार. आणि एका सहीने काय होतं, महापालिका थोडीच वाचत बसणार आहे.

“बाई वाचतात की,” शैला म्हणाली आणि कपबशा घेऊन आत गेली.

पुढच्या आठवड्यात हरकत मी स्वतः जाऊन आवक विभागात दिली आणि पोच घेतली. आमचे अध्यक्ष निकम साहेब खूश झाले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि सरकारी कागदाचा त्यांना नाद होता. कॉलनीत तत्त्वाचा माणूस म्हणून त्यांचा दबदबा होता. त्यांच्या घरी दोन गाड्या होत्या. बाई सह्यांना फिरल्या तो आठवडाभर ते मुलीकडे बारामतीला होते, त्यामुळे त्यांची सही एकाच कागदावर होती. हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

सुनावणीचं पत्र आलं ते मंगळवारी सकाळी अकराचं. मी अर्धी रजा टाकली. महापालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर बांधकाम विभागात मी आणि निकम साहेब जाऊन बसलो. समोरच्या बाकावर बाई आधीच येऊन बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन. मला बघून हसल्या आणि शेजारी बसायची खूण केली. निकम साहेबांनी माझा दंड धरला होता. मी नुसती मान हलवली आणि जिथे होतो तिथेच बसलो. बाकी कुणीही आलं नव्हतं.

उपअभियंता इंगवले मॅडम पस्तिशीच्या असतील. टेबलावर दोन्ही याद्या शेजारी शेजारी मांडून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“हरकतीच्या सह्या शहाण्णव,” त्या म्हणाल्या. “पाठिंब्याच्याही शहाण्णव. मला बरं वाटलं, लोकांना रस्त्याची एवढी काळजी आहे म्हणून. मग आमच्या क्लार्कनी याद्या ताडून बघितल्या.” त्यांनी चष्मा काढला. “एक्क्याण्णव माणसं दोन्हीकडे आहेत.”

निकम साहेब म्हणाले, असं होऊ शकत नाही, ही बनवाबनवी आहे, विरोधकांनी खोट्या सह्या केल्या असणार.

मॅडम म्हणाल्या, या सगळ्यांना पत्रं पाठवली होती. सुनावणीला या आणि तुमची भूमिका सांगा म्हणून. कुणी आलं नाही. मग दोन्हीकडच्या सह्या बाद करणं एवढंच त्यांच्या हातात होतं. त्या वजा केल्या तर हरकतीचे पाच उरत होते आणि पाठिंब्याचे पाच.

“मला वर शेरा पाठवायचा असतो, बहुमत इकडे आहे की तिकडे. बाकी स्थायी समिती फाईल उघडून बघत नाही.” त्यांनी यादीवर बोट ठेवलं. “एक्क्याण्णवांपैकी एक गृहस्थ मात्र आलेले आहेत. सदाशिव मगदूम कोण?”

मी उभा राहिलो. नववी ‘ब’मध्ये राहायचो तसाच.

“हरकतीवर तुमची सही पहिली. पाठिंब्यावर त्रेचाळिसावी. दोन्ही तुमच्याच का?”

निकम साहेबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. मी म्हणालो, हो, माझ्याच.

“मग एक कायम करा. तुमच्या एकावर शेरा ठरेल, म्हणून नीट विचार करून सांगा.”

नीट विचार करायला मला वेळ मिळाला होता. क्लार्कला फॉर्म सापडत नव्हता, तो कपाट उघडून शोधत होता. तेवढ्या वेळात मी बाईंकडे बघू शकत होतो. मी भिंतीवरच्या शहराच्या नकाशाकडे बघितलं. मला मनातून ठाऊक होतं की ट्रॅक झाला तर माझं बिघडणार काहीच नव्हतं. गाडी मागच्या गल्लीत लागली असती. पण निकम साहेबांची भीड पडली. बाईंचीही पडली होती, पण बाई समोर बसल्या होत्या आणि निकम साहेब शेजारी. शिवाय मी सचिव होतो. सचिवानेच पलटी मारली, हे कॉलनीभर झालं असतं. आणि बाईंचं काय, मुलगा चांगला आहे, हैदराबादला लोक काय राहत नाहीत का, असंही मी स्वतःला सांगून टाकलं.

“हरकत,” मी म्हणालो.

क्लार्कने छापील फॉर्म पुढे केला. मी खाली सही करणार असे निवेदन करतो की माझी हरकत कायम आहे. त्याखाली ‘कारण’ असा शब्द होता आणि पुढे तीन ओळींची जागा होती. मी पेन घेऊन थांबलो. काय लिहावं ते सुचेना. गाडी लिहिणं बरं दिसलं नसतं.

“ते कोरं सोडलं तरी चालतंय,” क्लार्क म्हणाला. “कोण वाचतंय?”

मी कोरं सोडलं आणि सही केली.

बाई उठून टेबलाशी आल्या. मॅडमना म्हणाल्या, बघू का जरा. फॉर्म हातात घेऊन त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, पेपर तपासताना वाचायच्या तसा. मग खाली ठेवला आणि पिशवी उचलून निघाल्या. जिन्यात मी त्यांना गाठलं. निकम साहेब वर मॅडमशी रस्त्याच्या उतारावर बोलत राहिले होते.

“बाई, माझा नाइलाज झाला,” मी म्हणालो.

“उत्तर चुकल्याचं वाईट वाटलं नाही मला,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. “चुकतात मुलं. पण मगदूम, एकही पायरी लिहिली नाहीस.”

त्या कठड्याला धरून एकेक जिना उतरत गेल्या. खाली त्यांनी सायकलचं कुलूप काढलं, पदर खोचला, मागच्या चाकाच्या जाळीत निऱ्या अडकत नाहीत ना ते बघितलं आणि गेल्या. मला त्या क्षणी वर जाऊन तो फॉर्म फाडावासा वाटला होता. पण दुपारी बँकेत कॅश तपासणी होती.

एका महिन्यात ट्रॅक रद्द झाला. संघाने माझा सत्कार केला, शाल आणि नारळ. सत्काराला बाई सोडून सगळे आले. म्हणजे ज्यांनी ट्रॅक व्हावा म्हणून सह्या केल्या होत्या तेही सगळे आले आणि त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर दोन महिन्यांनी बाई पडल्या. आमच्याच रस्त्यावर उभ्या असलेल्या एका गाडीचं दार अचानक उघडलं, त्या ते चुकवायला गेल्या आणि मनगट मोडलं. दार कुणाच्या गाडीचं होतं, ते बाईंनी कुणालाच सांगितलं नाही. मी त्या वेळी बँकेत होतो, म्हणजे निदान माझ्या गाडीचं नव्हतं. एवढ्या समाधानावर मला बरेच दिवस काढावे लागले.

हर्षद आला आणि पंधरा दिवसांत त्याने सगळं आवरलं. निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी मला बोलावून घेतलं. हात प्लॅस्टरमध्ये होता. अंगणात हिरवी सायकल धुऊन पुसून उभी होती.

“ही तू ने,” त्या म्हणाल्या. “भंगारवाल्याला द्यायचं जिवावर येतंय. आठवड्याला हवा बघत जा, मागच्या चाकाची कमी होते.”

मी म्हणालो, बाई, मला देऊ नका.

“मग कुणाला देऊ? तू त्रेचाळिसावा आहेस माझ्या यादीत,” बाई म्हणाल्या. आणि हसल्या नाहीत. मी सायकल हाताने ढकलत घरी आणली, चार घरांपुढून, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की सगळे खिडकीतून बघताहेत. व्हरांड्यात तिच्यावर जुनी चादर टाकून ठेवली. हवा मात्र बघत राहिलो.

पुढचं झालं ते असं. हर्षदने घर विकलं. तिथे सात मजली इमारत उभी राहिली. नाव ‘प्रशांत’. एकवीस फ्लॅट, आणि खाली गाड्यांना जागा नऊ. बाकीच्या गाड्या कुठे जाणार, त्या रस्त्यावर आल्या. एका रविवारी मी मंडईतून परत आलो तर माझ्या फाटकासमोर एक पांढरी जीप उभी. मालक इमारतीतला तरुण होता. मी म्हणालो, ही माझी जागा आहे, मी इथे किती वर्षं गाडी लावतोय.

“काका, रस्ता काय तुमच्या नावावर आहे का?” तो म्हणाला. अगदी नम्रपणे म्हणाला. आणि रस्ता माझ्या नावावर नव्हता.

मागची गल्ली तोवर भरली होती. शेवटी वखारीच्या मालकाने ओळखीने त्याच्या आवारात गाडी लावू दिली. ती जागा घरापासून पाऊण किलोमीटर. तेव्हा मी निवृत्त झालो होतो आणि माझाही गुडघा बोलायला लागला होता. काही महिने लंगडत जाऊन बघितलं. मग एका सकाळी चादर काढली, सीट वर केलं आणि बाईंच्या सायकलवर बसलो. तेव्हापासून मी गाडीपर्यंत सायकलने जातो. शैलाने तिला पुढे एक नवी जाळीची टोपली बसवून आणली.

त्या पहिल्या सकाळी डावीकडे गाड्यांची रांग होती, उजवीकडून ट्रक जात होते आणि मधल्या हातभर जागेतून मी चाललो होतो. दर गाडी ओलांडताना वाटे, हिचं दार उघडणार. मागून बसचा हॉर्न वाजला. मी उतरलो आणि सायकल हातात धरून उभा राहिलो. बाई या रस्त्यावरून रोज गेल्या होत्या, साडी नेसून, अंधार पडल्यावर सुद्धा, आणि माझ्याकडे त्यांनी फक्त एक सही मागितली होती. मला भर रस्त्यात रडू आलं. भाजीवाली म्हणाली, काका, चक्कर आली का, बसा की जरा.

त्याच आठवड्यात मी महापालिकेला अर्ज लिहायला घेतला. वखार ते कन्याशाळा सायकल ट्रॅक व्हावा म्हणून. कुणाच्या सह्या घेतल्या नाहीत, त्या सगळ्यांनी केल्या असत्या. शाळेला किती मुली सायकलने येतात, ते मी फाटकाशी उभं राहून चार दिवस मोजलं. टेपने रस्त्याची रुंदी घेतली. बाई कुठे पडल्या आणि का पडल्या, तेही लिहिलं. चार पानं झाली. एकेक मुद्दा क्रमाने, आधीच्यातून पुढचा. आयुष्यात पहिल्यांदा मी सगळ्या पायऱ्या लिहिल्या होत्या, आणि अर्जाची एक प्रत हैदराबादला पाठवावी असं मनात होतं. पण म्हटलं, आधी उत्तर येऊ दे.

उत्तर अडीच महिन्यांनी आलं. जाडसर लिफाफा होता, मला आशा वाटली. आत अर्ध्या पानाचं पत्र होतं. सदर रस्त्यावरील सायकल मार्गाचा प्रस्ताव यापूर्वी स्थानिक रहिवाशांच्या बहुमताने नामंजूर झाला असून, त्याबाबत संबंधित सुनावणीतील निर्णायक निवेदन अभिलेखात उपलब्ध आहे, सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. प्रत माहितीसाठी सोबत जोडली आहे.

मी सोबतचा कागद उलगडला. झेरॉक्स स्वच्छ आली होती. खाली माझी सही होती, आणि ‘कारण’ या शब्दापुढच्या तिन्ही ओळी कोऱ्या होत्या.